किल्ट नेसून पाण्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा वेंगुर्ल्याचा, आता बरीच वर्षं स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ राहतो. सुट्टीच्या दिवशी कनू, म्हणजे उघडी वल्ह्याची नाव, गाडीच्या टपावर बांधून जवळच्या एखाद्या लॉकवर जातो. लॉक म्हणजे इथलं सरोवर. त्यातल्या काही फेऱ्यांत अंगावर किल्ट, म्हणजे इथल्या पुरुषांचं पारंपरिक वस्त्र, असते. असे फोटो इकडेतिकडे फिरले आणि प्रश्न सुरू झाले. काही इथे शिकायला आलेल्या मुलामुलींचे, काही पुण्या-ठाण्याच्या नातेवाइकांचे, काही अगदी अनोळखी माणसांचे. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा लिहिण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

१. किल्ट म्हणजे नक्की काय? स्कर्ट, की आपली लुंगी?

दोन्हींच्या मधलं. पारंपरिक किल्टला आठ वार लोकरी कापड लागतं. मागच्या बाजूला दाट शिवलेल्या निऱ्या, पुढे एकावर एक येणारे दोन सपाट भाग, ज्यांना इथे एप्रन म्हणतात, आणि कमरेला चामड्याचे पट्टे व बकलं. गुंडाळून बांधायचं वस्त्र आहे, म्हणून मी 'नेसतो' असंच म्हणतो. 'घालतो' म्हटलं की पँट डोळ्यांसमोर येते.

'किल्ट' हा शब्द मुळात क्रियापदासारखा वापरला जायचा. अर्थ होता, कपडा वर खोचणं. ओचा खोचतात, धोतर वर खोचतात, तसंच. हे कळल्यावर माझे निम्मे प्रश्न सुटले. पाण्याशी या वस्त्राचं नातं भिजण्याचं नाही, भिजू नये म्हणून वर घेण्याचं आहे. पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीतून निघतात.

२. थोडक्यात सांगा, किल्ट नेसून पाण्यात जाता येतं का?

मांडीपर्यंत पाणी असेल तर उत्तम. कमरेपर्यंत गेलात तर पस्तावाल. पोहायला अजिबात नाही.

ओढा ओलांडणं, काठावरून नाव पाण्यात ढकलणं, उथळ पाण्यात उभं राहून गळ टाकणं, उघड्या नावेत वल्हवणं, या कामांत पँटपेक्षा किल्ट सरस. पँट गुडघ्यापर्यंत भिजली की दिवसभर पायाला चिकटून राहते. किल्टमध्ये पाय उघडेच असतात, पाच मिनिटांत वाळतात. स्टँड-अप पॅडलबोर्डवर तुमचा तोल किती चांगला आहे यावर ठरवा. बंद कयाकचं, म्हणजे वरून झाकलेल्या अरुंद वल्ह्याच्या नावेचं, प्रश्न ६ मध्ये.

३. स्कॉटिश लोक स्वतः असं करतात का, की हा तुमचाच उद्योग?

बराचसा माझाच. इथला माणूस किल्ट नेसतो ती लग्नात, फुटबॉलच्या सामन्याला, हायलँड गेम्सना आणि पदवीदान समारंभात. पाण्यावर तो ड्रायसूट किंवा वेटसूट, म्हणजे थंड पाण्यासाठीचा अंगभर पोशाख, घालतो आणि शहाणा असतो.

अपवाद आहेत. १ जानेवारीला एडिनबराजवळच्या साउथ क्वीन्सफेरीला, फोर्थ खाडीवरच्या लाल रेल्वे पुलाखाली, लोक चित्रविचित्र वेषांत थंडगार पाण्यात उतरतात. या प्रकाराला 'लूनी डूक' म्हणतात. 'डूक' म्हणजे स्कॉट्स बोलीत डुबकी. १९८०च्या दशकात नववर्षाच्या रात्रीची उतरवायला म्हणून थट्टेत सुरू झालेली गोष्ट, आता प्रथा झाली आहे. तिथे किल्टवाले हमखास दिसतात, पण आत जाऊन किंचाळून परत यायचं, एवढाच तो कार्यक्रम.

४. भिजल्यावर किती जड होते?

हिशोब करू. किल्टचं कापड दुप्पट पन्ह्याचं विणतात आणि लांबीत उभं कापतात, म्हणून आठ वारांच्या किल्टला प्रत्यक्षात चार वार कापड पुरतं. जाड कापड वाराला १६ औंस भरतं. म्हणजे नुसतं कापडच ६४ औंस, जवळजवळ १.८ किलो. मध्यम १३ औंसी कापडाची सुमारे दीड किलो. ही कोरडी.

मी माझी जुनी किल्ट एकदा बाथटबमध्ये पूर्ण बुडवून, निथळू न देता, विमानाच्या बॅगा तोलायच्या काट्याला लटकवली होती. दुपटीच्या वर गेली. आणि हे सगळं वजन कमरेला, मागच्या बाजूला, निऱ्यांच्या खोबणीखोबणीत साठलेलं. आत घोड्याच्या केसांचं किंवा कॅनव्हासचं अस्तर असेल तर तेही पाणी पितं आणि सर्वांत शेवटी सोडतं.

५. पण लोकर ओली असली तरी ऊब देते ना? मग काळजी कसली?

देते, हे खरं. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा पोटात घेतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. आपल्या धनगरांची घोंगडी आठवा. पावसात डोक्यावरून घेतली की वर भिजते, आत माणूस तगतो. इथल्या डोंगरातले लोकही १८व्या शतकात उघड्यावर झोपताना प्लेड मुद्दाम ओलं करून अंगाभोवती गुंडाळत, कारण ओली लोकर फुगते आणि वारा अडवते, अशा नोंदी आहेत. प्लेड म्हणजे तेव्हाची अंगभर गुंडाळायची मोठी किल्ट.

पण ही झाली पावसाची आणि वाऱ्याची गोष्ट. पाण्यात बुडाल्यावर लोकर काही करू शकत नाही. पाणी १५ अंशांच्या खाली असेल तर अंगावर पडताक्षणी श्वास आपोआप आत ओढला जातो, धाप लागते, आणि तोंड पाण्याखाली असेल तर तिथेच संपतं. इथले प्रशिक्षक १-१०-१ शिकवतात. पहिलं १ मिनिट श्वास सावरायला, पुढे सुमारे १० मिनिटं हातपाय कामाचे, आणि सुमारे १ तासात शुद्ध हरपू लागते. लॉक नेसचं खोल पाणी बाराही महिने ५-६ अंशांवर असतं. लॉक लोमंडचा काठ ऊन पडलं की गोड दिसतो, पण काही ठिकाणी चार पावलांवर तळ एकदम सुटतो आणि सरोवराची खोली १९० मीटरपर्यंत जाते. कोकणात समुद्राला न घाबरणारी मुलं इथे चकतात ती याच दोन गोष्टींना, थंडीला आणि अचानक खोल होण्याला.

पडलातच तर पोहायची घाई करू नका. पाठीवर व्हा, कान पाण्यात, तोंड वर, श्वास थाऱ्यावर येईपर्यंत तरंगा. ब्रिटनची जीवरक्षक नौकांची संस्था, १८२४ साली स्थापन झालेली आरएनएलआय, हेच सांगते. मदतीला ९९९. समुद्रकिनाऱ्यावर असाल तर कोस्टगार्ड मागा. आणि अंगात लाइफ जॅकेट किंवा बॉयन्सी एड हवंच. किल्ट असो वा नसो, यावर माझ्याशी वाद घालू नका.

६. कयाकमध्ये किल्ट चालेल का?

बंद कयाकमध्ये नाही. तिथे पाय पुढे आत सरकवून बसायचं असतं आणि कमरेभोवती स्प्रेडेक, म्हणजे नावेत पाणी येऊ नये म्हणूनचं झाकण, लावायचा असतो. गंमत म्हणजे कयाकवाले त्यालाही 'स्कर्ट' म्हणतात, तेव्हा एक स्कर्ट आधीच झाला. त्याच्या आत आठ वार लोकर कोंबली की मांड्यांचे टेकू आणि पायाच्या खुंट्या यांत ती अडकायचा धोका असतो. नाव उलटल्यावर डोकं खाली असताना कपडा सोडवत बसायला वेळ नसतो.

उघड्या कनूचं वेगळं. तिथे गुडघे टेकून वल्हवतात, आणि किल्टची लांबी मोजायची जुनी रीत हीच आहे की गुडघे टेकल्यावर काठ जमिनीला जेमतेम लागावा. म्हणजे कापड पायाखाली येत नाही. बसण्याआधी हाताने निऱ्या मागून सारख्या करून घ्या, नाहीतर नावेच्या तळाशी साचलेलं पाणी निऱ्याच टिपून घेतात.

माझा एक अपघात इथेच सांगून टाकतो. एप्रिल महिना. किनारा हाताच्या अंतरावर आला म्हणून मी कनूत उभा राहिलो. उभं राहायचं नसतं, मला माहीत होतं. नाव पायाखालून निघाली आणि मी छातीभर पाण्यात. पहिले काही क्षण निऱ्या छत्रीसारख्या उघडून माझ्याभोवती तरंगल्या. मला चक्क हसू आलं. मग लोकरीने पाणी घेतलं, मागचा भाग खाली ओढला गेला आणि पुढचा एप्रन दोन्ही मांड्यांना गुंडाळला. पाऊल टाकता येईना. बकल सोडावं म्हणून हात घातला, तर चामडं भिजून फुगलेलं आणि बोटं थंडीने लाकूड झालेली. जीभ पट्ट्याच्या भोकातून निघेचना. पाणी छातीभरच होतं म्हणून तसाच लंगडत, फरफटत बाहेर आलो. त्या दिवसापासून पाण्यावर बकलवाली किल्ट बंद. आता वेल्क्रोची किंवा टिचबटणांची, एका हिसक्यात सुटणारीच.

७. मग कुठल्या कापडाची घ्यावी?

पॉलिस्टर-व्हिस्कोसची, साधारण पाच वारांची साधी किल्ट. स्वस्त, हलकी, मशीनमध्ये धुता येते. लोकरीपेक्षा लवकर वाळते, पण ओली असताना ऊब शून्य. जाड सुती कापडाच्या, खिसेवाल्या 'युटिलिटी' किल्ट दिसायला पाण्याच्या कामाच्या वाटतात आणि तिथेच फसवतात. भिजलेली सुती किल्ट म्हणजे ओली जीन्स. नायलॉनची चढाईची किल्ट मिळाली तर सर्वांत चांगली. वाऱ्यात जरा जास्त उडते, त्याला इलाज प्रश्न ८ मध्ये.

लोकरीचीच हवी असेल तर वापरून जुनी झालेली, अस्तर नसलेली, हलक्या कापडाची शोधा. धर्मादाय दुकानांत मिळून जाते.

८. आत काय घालायचं? (हसू नका, खरंच विचारतोय.)

हसत नाही, सर्वांत जास्त आलेला प्रश्न हाच आहे. पोहण्याची घट्ट शॉर्ट्स किंवा निओप्रीनची अर्धी विजार. 'खरा स्कॉट आत काही घालत नाही' ही लग्नाच्या टेबलावरची गोष्ट आहे. टार्टन, म्हणजे किल्टच्या कापडाचे चौकडीचे नमुने, यांचं काम बघणाऱ्या स्कॉटिश टार्टन्स अथॉरिटीनेही २०१० मध्ये, सभ्यता आणि स्वच्छता दोन्हींसाठी आत काहीतरी घाला, असंच सुचवलं होतं. पाण्यावर तर कारणं आणखी आहेत. ओली लोकर मांड्यांना घासते, वारा सुटतो, आणि नावेत चढणारा माणूस काठावरच्या सहलीच्या कुटुंबांना कुठल्या कोनातून दिसतो याचा एकदा विचार करा.

किल्टपिन, म्हणजे एप्रनच्या खालच्या कोपऱ्याला लावायची पिन, वजनासाठी असते. ती फक्त वरच्या एप्रनला लावायची, दोन्ही एप्रन एकत्र टोचायचे नाहीत. टोचले तर पाऊल मोकळं पडत नाही आणि कापड फाटतं.

९. पदवीदानासाठी किल्ट भाड्याने घेतली आहे. फोटोपुरतं लॉकमध्ये उतरू का?

नको. अनामत रक्कम जाईल. काठावरच्या दगडावर उभे राहा, फोटो तितकाच छान येतो.

१०. स्पोरान, मोज्यातला चाकू, बूट यांचं काय करायचं?

स्पोरान म्हणजे पुढे लटकणारी चामड्याची थैली. ती घरी ठेवा. चामडं भिजून कडक होतं, कडी गंजते. फोन आणि चाव्या पाणबंद पिशवीत.

मोज्यातला चाकू, स्गियन डू. स्कॉटलंडमध्ये सार्वजनिक जागी पात्याची वस्तू बाळगणं गुन्हा आहे. १९९५च्या कायद्यात राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून आणि धार्मिक कारणासाठी बचाव दिलेला आहे. मोजे, पट्टा, किल्ट असा सगळा थाट असेल तर प्रश्न येत नाही. पण टी-शर्ट, वेल्क्रोची किल्ट आणि पायात रबरी चपला असताना 'हा माझा राष्ट्रीय पोशाख' हे कुणाला पटवायचं? दोर कापायला काही हवंच असेल तर तीन इंचांहून लहान पात्याचा, घडी होणारा साधा खिशातला चाकू ठेवा.

बुटांचं मात्र ऐकण्यासारखं आहे. किल्टवर घालतात ते ब्रोग. त्यांच्यावरची नक्षीची भोकं मुळात पाणी निथळायला होती असं सांगतात, आणि 'घिली ब्रोग' प्रकारात जीभच नसते. आजच्या बुटांची भोकं आरपार नाहीत, त्यामुळे ते पाण्यात नेऊ नका. जुने कॅनव्हासचे बूट किंवा निओप्रीनचे. अनवाणी तर नकोच, शेवाळलेले दगड आणि काचा दोन्ही असतात.

११. किल्ट नेसून नदी ओलांडायची जुनी पद्धत काय होती?

याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं वर्णन २० डिसेंबर १७४५चं आहे. इंग्लंडमध्ये डर्बीपर्यंत धडकून परत फिरलेली जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्यासाठी लढणारी, फौज सरहद्दीवरच्या एस्क नदीशी आली. नदीला लोंढा होता, पाणी छातीपर्यंत. माणसं हातात हात गुंफून रांगा करून उतरली. एका वेळी दोनेक हजार माणसं पात्रात, आणि वर फक्त डोकी आणि खांदे दिसत होते. सेनापती लॉर्ड जॉर्ज मरे स्वतः त्या दिवशी आखूड किल्टमध्ये होता, त्यानेच हे लिहून ठेवलं आहे. पलीकडे पोचताच बॅगपाइप वाजू लागले आणि सगळे रील हा इथला जुना नाच नाचायला लागले, नाचता नाचता वाळले. माणसांनी आखूड कोटांची टोकं हातांत वर धरून ठेवली होती, मांड्या कोरड्या झाल्या की काम झालं, असा त्याचा हिशोब.

म्हणजे कापड वर, कातडी पाण्यात, आणि पलीकडे लगेच हालचाल. आजही ओढा ओलांडताना मी तेच करतो, दोन्ही बाजूंनी काठ उचलून पट्ट्यात खोचतो. नाचत नाही, उड्या मारतो. छातीभर पाण्यात मात्र कुणीही जाऊ नये. त्यांच्या मागे ब्रिटिश फौज लागली होती, तुमच्या मागे कोणी नाही.

१२. दुसऱ्या महायुद्धात किल्टवाला पाइपर, म्हणजे बॅगपाइप वाजवणारा, समुद्रात उतरला होता ना? मग भीती कसली?

बिल मिलिन. ६ जून १९४४, नॉर्मंडीचा सोर्ड किनारा. लढाईत किल्ट घालणं ब्रिटिश सैन्याने तोवर बंद केलं होतं, पण हा कमांडो तुकडीचा प्रमुख लॉर्ड लोवॅट याचा पाइपर. अंगावर वडिलांची पहिल्या महायुद्धातली किल्ट, पाण्यात उडी मारली तेव्हा ती पृष्ठभागावर तरंगली, हे त्याने नंतर सांगितलं आहे. थंड पाण्याने बोटीतली मळमळ एका क्षणात गेली, हेही. शौर्याबद्दल बोलायलाच नको. पण तो पोहत नव्हता, किनाऱ्याकडे चालत होता. तरंगण्याचं सुख किती टिकतं ते प्रश्न ६ मध्ये लिहिलं आहे.

उलट उदाहरण त्याच्या वडिलांच्या पिढीचं आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या चिखलाने किल्ट जड व्हायच्या, निऱ्यांत उवा पडायच्या, आणि थंडीत ओला काठ गोठून कडक झाला की गुडघ्यामागची कातडी कापायचा. हिवाळ्यात माझ्या पायांवर तसा लाल ओरखडा एकदा उठला आहे, अर्ध्या तासाच्या चालण्यात.

१३. उघड्या पायांना किडे चावत नाहीत?

चावतात. मिज नावाची चिलटं मे ते सप्टेंबर पाण्याकाठी ढगासारखी येतात, आणि किल्टच्या आतही शिरतात. वारा ताशी १०-१२ किलोमीटरच्या वर गेला की त्यांना उडता येत नाही, म्हणून मी तंबू नेहमी वाऱ्यावर, उघड्या टोकावर टाकतो. गोचिडी जास्त वाईट, त्यांच्यातून लाइम रोग होऊ शकतो. गवतातून आलात की गुडघ्यामागे आणि जांघेत तपासा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा.

१४. पाण्यावर जायला परवाना लागतो का?

नाव वल्हवायला किंवा काठावर फिरायला नाही. २००३च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये जमिनीवर आणि आतल्या पाण्यांवर जबाबदारीने वावरण्याचा हक्क सगळ्यांना दिला आहे, पर्यटकांनाही. मासेमारी वेगळी, तिला परवाना लागतो. लॉक लोमंडच्या ठरावीक काठांवर १ मार्च ते ३० सप्टेंबर तंबू टाकायलाही लागतो.

१५. भिजलेली लोकरी किल्ट धुवायची, वाळवायची कशी?

समुद्राचं पाणी असेल तर आधी गोड्या पाण्यात दोनतीनदा खळबळा. मीठ राहिलं तर कापड कायम दमट राहतं. मग निऱ्यांच्या खालच्या काठाला लांब टाक्यांचा धावदोरा घाला. हे काम कंटाळवाणं आहे आणि मी ते दोनदा टाळून पाहिलं आहे, दोन्ही वेळा इस्त्रीला अख्खा रविवार गेला. थंड पाणी, लोकरीचा साबण, चोळायचं नाही, पिळायचं नाही. ऊन पाणी, साबण आणि रगडणं एकत्र आलं की लोकर आटते आणि नमदा होते, मग ती भाच्याला द्यावी लागते.

टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि कमरेकडून टांगा, हीटरपासून लांब. माझी दोन दिवस घेते, अस्तरवाली तीन. चामड्याचे पट्टे वेगळे पुसून त्यांना मेण लावा. महागाची असेल तर यातलं काही करू नका, सरळ ड्रायक्लीनला द्या.

१६. ही पुरुषांचीच गोष्ट आहे का?

किल्ट नावाचं वस्त्र, परंपरेने हो. पण खोचण्याचं काम बायकांनी जास्त केलं. ईशान्य किनाऱ्यावरच्या कोळणी घागरे वर खोचून पाण्यात उतरत आणि नवऱ्यांना पाठीवर घेऊन नावेपर्यंत नेत, दिवसाची सुरुवात त्यांची तरी कोरड्या पायांनी व्हावी म्हणून. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या बंदरावरच्या, गुडघ्यावर लुगडं घेऊन टोपल्या उतरवणाऱ्या बायाच दिसल्या. आजच्या मुलींनी आधुनिक किल्ट नेसली तर कोणी वळूनही बघत नाही.

१७. मराठी माणसाने नेसली तर स्कॉटिश लोकांना राग येतो का? टार्टन कुठलं घ्यायचं?

मला आजवर एकाचाही आला नाही, उलट लोक थांबून बोलतात. ब्लॅक वॉच, फ्लॉवर ऑफ स्कॉटलंड, आइल ऑफ स्काय ही कुणीही नेसावीत अशी टार्टन आहेत. बॅल्मोरल टार्टन राजघराण्यासाठी राखीव समजतात, ते सोडा.

१८. लुंगी किंवा धोतर नेसून कनूत बसलो तर? आणि किल्ट कोकणात आणली तर?

लुंगीची गाठ ओली झाली की सुटते, आणि मोकळा घोळ पायात येतो. धोतर कासोटा मारून नेसलंत तर खरं म्हणजे किल्टपेक्षा बरं. मांड्या मोकळ्या राहतात, काही फुगत नाही, काही तरंगत नाही. एका ऑगस्टमध्ये मी ते लॉक लोमंडवर करून पाहिलं. गैरसोय एकच, सुती असल्यामुळे वल्ह्याचे शिंतोडे उडून ओलं झालं ते संध्याकाळपर्यंत ओलंच राहिलं.

किल्ट कोकणात आणण्याचा प्रयोग एकदाच झाला. जून महिना, वेंगुर्ल्याचा किनारा, हौसेने गुडघाभर पाण्यात उतरलो आणि एका लाटेने कमरेपर्यंत भिजवलं. घरी पडवीत दांडीवर टाकली. चौथ्या दिवशीही ओलीच, आणि पडवीभर ओल्या घोंगडीचा वास. आई दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी समुद्रावर निघालो तेव्हा तिने बाबांचा पंचा माझ्या खांद्यावर टाकला.

"ह्यो नेस आणि जा."

गेलो.